पट्टीतला सगळ्यात खालचा निळा

शेडकार्डावर निळ्याच्या सात छटांची एक उभी पट्टी होती. सगळ्यात वर जवळजवळ पांढरा, मग खाली खाली गडद होत सगळ्यात शेवटी ज्योत्स्नाला हवा होता तो. त्याचा नंबर ९१४७. रविवारी, चार मेच्या सकाळी, तिने तो कागदावर मोठ्या आकड्यांत लिहिला. खाली लिहिलं, ‘हॉल, सोफ्यामागची एक भिंत, चार लिटर’. कागद तिने हितेंद्रच्या खिशात घातला.

हितेंद्रने तो काढून वाचला. "पूर्ण हॉलला?"

"एक भिंत लिहिलंय."

"हो, पण का?"

"आवडतो म्हणून."

"ते ठीक आहे गं. पण कारण काय?"

ज्योत्स्नाकडे दुसरं कारण नव्हतं. तिने शोधूनही पाहिलं नाही.

महामार्गापलीकडच्या नव्या कॉलनीतलं हे घर बांधायला सोळा महिने लागले होते. या सोळा महिन्यांत ज्योत्स्ना नारखेडेला कोणी एकदाही ‘नाही’ म्हटलं नव्हतं. ओट्याला तिने करडा दगड सांगितला होता. काळा बसला, कारण हितेंद्रच्या मते काळा म्हणजे थोडा जास्त करडाच. स्वयंपाकघराची खिडकी तिने ओट्यासमोर सांगितली होती. ती हातभर डावीकडे सरकली, कारण बाहेरून बघितल्यावर मिस्त्रीला ती तिथे बरी वाटली. त्या खिडकीतून आता मोकळ्या प्लॉटवरच्या बोरीऐवजी शेजाऱ्यांची पाण्याची टाकी दिसत होती. बाथरूमला साध्या टाइल्स सांगितल्या, फुलांच्या आल्या. दर वेळी तिला सांगितलं गेलं की थोडासाच फरक आहे. तिने प्रत्येक खोलीत फिरून पाहिलं होतं. सगळ्या घरात तिने सांगितलं आणि तसंच झालं अशी एकही गोष्ट नव्हती. उरली होती ती ही चौदा फूट रुंद आणि दहा फूट उंच भिंत.

वास्तुशांत पंधरा मेला, गुरुवारी होती. सासूबाईंचा, धुरपदाबाईंचा, एक नियम होता: वास्तू झाली की वर्षभर भिंतीला हात लावायचा नाही. हा नियम कुठून आला ते त्यांनाही सांगता येत नव्हतं, पण गावाकडच्या, असोद्याच्या घरात तो पाळला गेला होता आणि जळगावातही पाळला जाणार होता. म्हणजे ज्योत्स्नाकडे अकरा दिवस होते. वर्षभरानंतर ती भिंत सगळ्यांच्या डोळ्यांना सवयीची झाली असती, आणि मग बदलायचीच कशाला, असं म्हणायलाही सगळे मोकळे झाले असते.

निळ्याच्या बातमीवर मतं यायला वेळ लागला नाही. जळगावच्या उन्हात गडद रंग म्हणजे घराची भट्टी होते, असं हितेंद्र म्हणाला. भिंत घराच्या आतली आहे, तिच्यावर ऊन पडत नाही, हे तिने दाखवून दिल्यावर तो म्हणाला की तरी उकडल्यासारखं वाटतं. धुरपदाबाईंचं म्हणणं होतं की गडद भिंतीवर डास बसलेले दिसत नाहीत. असोद्याहून हितेंद्रचे चुलते जीवराम आबा यांनी फोनवर सांगितलं की निळा शनीचा.

जीवराम आबा ज्योत्स्नाला वचकून असत. ती शहरातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये एकोणीस वर्षं तंत्रज्ञ होती. मागच्या दिवाळीनंतर त्यांची साखर दोनशे चौदा निघाली, तेव्हा ते लॅबच्या खिडकीशी वाकून हळूच म्हणाले होते, "सूनबाई, दोनशेच्या आत लिही ना. थोडंच तर हाये." असं बरेच जण म्हणतात. तिने दोनशे चौदा लिहिलं होतं. त्यानंतर आबा चार लोकांत तिला शिस्तीची म्हणत, आणि साखर दुसरीकडे तपासत.

मंगळवारी, सहा तारखेला, पेंटर भिकनने भिंत रंगवली. ज्योत्स्ना लॅबमधून साडेतीनला नव्या घरी आली आणि हॉलच्या दारातच थांबली. भिंत आकाशी होती. अंगणवाडीला असतो तो आकाशी.

तिने पर्समधून शेडकार्ड काढून भिंतीला लावलं. भिंत वरून दुसऱ्या छटेशी जुळत होती.

"हा कोणता नंबर आहे?" तिने विचारलं.

भिकन साक्री तालुक्यातल्या पिंपळनेरचा, अहिराणी बोलणारा, हाताला चांगला आणि स्वभावाने गरीब माणूस. तो रोलर धूत होता. "नंबर मला काय ठाऊक, ताई? डबा दुकानातून उना, मी लावा."

"असाच लावला?"

भिकनने धुरपदाबाईंकडे पाहिलं. त्या दारातल्या पायरीवर गहू निवडत बसल्या होत्या.

"छताचा पांढरा डबा उरला व्हता," धुरपदाबाई म्हणाल्या. "वाया जाईल म्हून त्याच्यात टाकाले लावला. लयच काळं दिसत व्हतं बाई ते. थोडंच टाकलं."

"किती?"

"अर्धी बादली," भिकन म्हणाला. "थोडंच."

पण नुसत्या अर्ध्या बादलीने गडद निळा इतका वर जातो, हे ज्योत्स्नाला पटत नव्हतं. रिकामा डबा तिने उलटा करून पाहिला. झाकणावरच्या चिठ्ठीवर ९१४५ छापलेलं होतं. संध्याकाळी हितेंद्र दुकानातून आला तेव्हा तिने चिठ्ठी त्याच्यापुढे धरली.

हितेंद्रचं असोदा रस्त्याला कृषी केंद्र होतं. शेतकरी एक औषध मागायचा, हितेंद्र दुसरं द्यायचा आणि म्हणायचा, तेच काम करतं. बहुतेक वेळा ते करायचंही.

"मी पंचेचाळीस सांगितलाच नाही," तो मनापासून म्हणाला. "मी शेहेचाळीस सांगितला."

"मी सत्तेचाळीस लिहिला होता."

"हो, पण शेहेचाळीस म्हणजे त्याच्या लगेच वरचाच. फरक कळत नाही. मी उन्हात धरून पाहिलं."

"मग पंचेचाळीस कुठून आला?"

हितेंद्रने फोन लावला. रंगाचं दुकान मदनलालशेठचं होतं. त्यांच्या आजोबांनी राजस्थानातून येऊन ते थाटलं होतं, आणि नारखेड्यांच्या तीन पिढ्यांचे दरवाजे-खिडक्या त्याच दुकानाच्या रंगाने रंगले होते. फोन स्पीकरवर होता.

"हां, पंचेचाळीस मीच दिला," मदनलाल शांतपणे म्हणाले. "वहिनी, गडद रंग नेलेलं गिऱ्हाईक चौथ्या दिवशी परत येतं. मशीनमधून काढलेला डबा मला माघारी घेता येत नाही. म्हणून मी आधीच एक पायरी वर जातो. चाळीस वर्षं झाली, कोणाची तक्रार नाही."

"त्यांना कळलंच नसेल."

"तेच तर."

ज्योत्स्नाने शेडकार्डाच्या मागे पेन्सिलने हिशेब मांडला. हितेंद्र, एक पायरी. मदनलालशेठ, एक पायरी. सासूबाई आणि भिकन मिळून तीन. सातव्या छटेची दुसरी झाली होती, आणि यातल्या एकालाही दुसऱ्याने काय केलंय ते माहीत नव्हतं. प्रत्येकाने थोडंसंच केलं होतं.

"तुम्ही एकदा सरळ नाही म्हणा," ती हितेंद्रला म्हणाली. "निळा नको म्हणून सांगा, विषय संपला."

"मी कुठे नाही म्हणतोय?"

"तेच म्हणतेय मी."

"अगं, हा पण निळाच आहे ना?" हितेंद्र म्हणाला. त्याला खरंच कळत नव्हतं, आणि त्याचाच तिला जास्त वैताग आला.

शनिवारी लॅब सुटल्यावर ती स्वतः दुकानात गेली. मदनलालशेठनी खुर्ची दिली, माठातलं पाणी मागवलं. रंग मिसळायचं मशीन त्यांचा मुलगा पुनीत चालवायचा. त्याने संगणकात ९१४७ टाकला आणि डबा मशीनखाली ठेवला.

"पुनीत, थांब," मदनलाल म्हणाले आणि त्यांनी हितेंद्रला फोन लावला. ज्योत्स्ना समोर बसली होती. "हितेंद्रभाऊ, वहिनी आल्यात. सत्तेचाळीस म्हणतात. तुमचं काय?"

"ती म्हणेल तसं द्या," फोनमधून आवाज आला.

"पक्कं ना? मागून मला बोलू नका."

"द्या द्या. पण शेठजी, जरा बघून."

"बघूनच देतो."

"शेठजी," ज्योत्स्ना म्हणाली, "भिंत माझी आहे. मी इथे आहे. फोन कशाला?"

"घराचं काम आहे वहिनी, दोघांचं एक असलेलं बरं. परवा एक मॅडम गुलाबी घेऊन गेल्या, मिस्टर येऊन माझ्यावर चढले." त्यांनी पुनीतला मान हलवून खूण केली. "एक पायरी वर घेऊ का? शेवटचं विचारतो."

"नको."

"अर्धी?"

ती उठून मशीनपाशी जाऊन उभी राहिली. नळ्यांतून काळपट निळ्या धारा डब्यात पडल्या, डबा गरगरला, पुनीतने झाकणावर एक ठिपका काढून वाळवला. तिने तो कार्डाशी ताडून पाहिला. बरोबर होता. तिने डबा स्वतः स्कूटरच्या पायाशी ठेवून नेला, आणि सोमवारपर्यंत तो तिच्या कपाटात साड्यांखाली राहिला. पांढऱ्या रंगाचे उरलेले डबे तिने नव्या घराच्या जिन्याखालच्या कप्प्यात कुलपात घातले आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

सोमवारी पावणेसातला तिने डबा भिकनच्या हातात दिला. "यात काही मिसळायचं नाही. पाणी लागेल तेवढंच. दोन हात द्यायचे. कोणी काही सांगितलं तर मला फोन करायचा."

"बठ्ठं व्हई जाई, ताई," सगळं होईल असं सांगत भिकनने डबा घेतला.

फोन आला नाही. साडेतीनला ती पोचली तेव्हा भिंत पांढरी होती. आकाशीही नाही, स्वच्छ पांढरी, आणि अजून ओली.

काय झालं ते तिला तिघांकडून तुकड्या-तुकड्याने कळलं. भिकनने साडेअकरापर्यंत निळ्याचा पहिला हात पुरा केला. गडद रंगाचा पहिला हात कधीच सारखा बसत नाही. कुठे दाट, कुठे विरळ, खालचं सगळं दिसतं. तेवढ्यात जीवराम आबा मांडवाच्या दारात लावायचे केळीचे खांब कुठे रोवायचे ते बघायला असोद्याहून मोटरसायकलवर मागे बसून आले. भिंत बघून म्हणाले, "हे काय करून राह्यले रे तुम्ही? भिंतीले खरूज झाली काय?"

भिकनने सांगितलं की दुसरा हात बाकी शे. आबा म्हणाले, दुसऱ्याची वाट कशाले पाह्यची, पहिलाच असा हाये. धुरपदाबाईंनी हितेंद्रला फोन केला. हितेंद्र म्हणाला, आबा म्हणतात तर बघा, पण ज्योत्स्नाला विचारा. ज्योत्स्नाला कोणी विचारलं नाही, कारण ती लॅबमध्ये असते, तिला कशाला त्रास. पांढरे डबे कुलपात निघाले म्हणून मदनलालशेठना कळवलं, आणि त्यांनी वीस मिनिटांत रिक्षाने पांढरा पाठवला. दोन हात द्यावे लागले तेव्हा कुठे निळा दबला.

"उरलेला निळा कुठे आहे?" ज्योत्स्नाने विचारलं.

"आबा घेऊन गेले," धुरपदाबाई म्हणाल्या. "मळ्यातल्या पंपाच्या खोलीले."

"तिथे चालतो गडद?"

"पंपाच्या खोलीत कोन बसतं?"

ज्योत्स्ना पायरीवर बसली. भिकन सामान बांधत होता. दुसऱ्या दिवशी त्याला पुतणीच्या लग्नाला पिंपळनेरला जायचं होतं, तो शनिवारीच परत येणार होता. जाताना तो तिच्यासमोर येऊन म्हणाला, "ताई, मी सांगं व्हतं त्यास्ले. पहिला हात असाच दिसस म्हनीन सांगं."

"मला फोन का नाही केला?"

"मोठा मानूस समोर उभा शे, ताई. त्यास्नासमोर फोन कसा लावू?"

आबांसमोर तिनेही फोन लावला नसता.

संध्याकाळी हितेंद्र म्हणाला, "पांढरा प्रसन्न वाटतो, नाही?" तिने त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "मी आपलं म्हटलं," आणि फुलवाल्याला फोन करायला अंगणात गेला.

मंगळवारी सकाळी धुरपदाबाईंनी विचारलं, "तुह्या माहेरी आवतण गेलं का?"

"नूतनला फोन केलाय." आई-वडील गेल्यापासून ज्योत्स्नाचं माहेर म्हणजे धुळ्याला देवपुरात राहणारी धाकटी बहीण नूतन.

"फोनवर? वास्तूचं आवतण फोनवर देतं का कोनी? उद्या तेच म्हन्तील, नारखेड्यांनी फोनवर बोलावलं. कुंकू लावून ये. आजच जाय."

"आई, दोन दिवस राहिलेत. हजार कामं आहेत."

"कामं व्हतात."

ज्योत्स्नाने लॅबला आणखी दोन दिवसांची रजा कळवली आणि सकाळची बस पकडली. खिडकीतून गरम वारा येत होता, शेतं नांगरून पडली होती, आणि ती अंमळनेर मागे पडेपर्यंत मनात आबांशी, शेठजींशी आणि हितेंद्रशी क्रमाने भांडत होती. मनातल्या भांडणातही ते तिघं तिला नाही म्हणायला तयार नव्हते.

नूतनला कुंकू लावून, तिच्या हातचं पन्हं पिऊन झाल्यावर तिने भिंतीचं सांगितलं.

"गडद निळा?" नूतन म्हणाली. "छान दिसेल. भाऊजींना विचारलंस?"

ज्योत्स्नाने पर्स उचलली. "येते मी. परवा सकाळी आठपर्यंत ये."

"अगं, जेवून तरी जा. काय झालं एवढं?"

बसस्टँडकडे येताना रस्त्याला रंगाचं एक दुकान लागलं. आत मदनलालशेठकडे होतं तसंच मशीन होतं. काउंटरवर चष्मा लावलेला एक माणूस वर्तमानपत्र वाचत होता. त्याला नारखेडे माहीत नव्हते, हितेंद्र माहीत नव्हता, त्याच्याकडे कोणाचा फोन नंबर नव्हता. तिने कार्ड पुढे केलं आणि ९१४७ वर बोट ठेवलं. "चार लिटर. आतल्या भिंतीला."

माणसाने चष्मा वर केला. "ताई, घरासाठी का? घरासाठी असेल तर मी म्हणेन—"

"लॅबसाठी," ज्योत्स्ना म्हणाली.

"मग ठीक आहे," तो म्हणाला आणि त्याने नंबर दाबला. सात मिनिटांत डबा तयार झाला. तिने झाकणावरचा ठिपका ताडून पाहिला, एक रोलर, एक दोन इंची ब्रश आणि ट्रे घेतला. एसटीत कंडक्टरने डबा मांडीवर घ्यायला सांगितलं. तिने तो जळगावपर्यंत मांडीवरच ठेवला.

बुधवारी सकाळी सहाला ती नव्या घरात आली तेव्हा धुरपदाबाई आधीच पोचल्या होत्या. पूजेची भांडी मोजून लावत होत्या. डबा बघून त्यांनी तोंडाला पदर लावला. "अजून हाये का ते?"

"धुळ्याहून आणलंय."

"मी तुले कुंकू लावाले धाडलं व्हतं."

"लावलं तेही."

तिने जुना पंजाबी ड्रेस घातला होता. कडेला कागदी टेप लावून, ट्रेमध्ये रंग ओतून ती स्टुलावर चढली. पहिला हात पुरा व्हायला नऊ वाजले. भिंत पुन्हा तशीच दिसायला लागली, दाट-विरळ, आबा म्हणाले होते तशी. तेवढ्यात हितेंद्र मांडववाल्याची यादी घेऊन आला आणि जागीच थांबला.

"ज्योत्स्ना, उद्या सव्वाशे माणसं येणारेत."

"माहितीये."

"आबांना काय सांगायचं?"

"दुसरा हात बाकी आहे म्हणून सांगा."

"आणि तोही असाच बसला तर? उद्या पूजेच्या फोटोत हेच येणार. मी काय म्हणतो, पांढरा आणून ठेवू का? नुसता ठेवू. वापरायचा नाही."

"आणा," ती म्हणाली. "तुम्ही बाहेर गेलात की दार मी आतून लावून घेते."

तो बाहेर गेला. तिने खरंच कडी लावली. मागे वळून पाहिलं तर धुरपदाबाई आतच होत्या, पालथ्या बादलीवर बसलेल्या. तीही स्टुलावर टेकली. पंखा अजून लागायचा होता. बाहेर पारा चव्वेचाळीसच्या पुढे जाणार होता.

"अर्धवट दिसतं," धुरपदाबाई म्हणाल्या.

"हो."

"मंग दे ना दुसरा. बसली कशाले?"

"पहिला वाळायला दोन तास लागतात."

"दोन तास?" त्यांनी भिंतीला बोट लावून पाहिलं आणि बोट पदराला पुसलं. निळा डाग पडला. त्यांनी तो पाहिला आणि तो दिसू नये असा पदर घेतला. "आमच्या टायमाला चुना उभ्या-उभ्या वाळे."

साडेदहाला त्यांचा फोन वाजला. आबा होते. पलीकडचं बोलणं बरंच लांबलं. धुरपदाबाईंनी ते सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ओलं हाये भाऊजी. आता येऊ नका, धोतराले लागंल." मग फोन ठेवून ज्योत्स्नाला म्हणाल्या, "माह्या मनातून नही हे. मले नही आवडत. पन खरूज ठेवू नको भिंतीले. द्यायचा तर पुरा दे."

दुपारी एकला दुसरा हात पुरा झाला. तीनपर्यंत भिंत वाळली. चौदा फूट बाय दहा फूट, एकसारखी. ज्योत्स्नाने कार्ड लावून पाहिलं. पट्टीतला शेवटचा चौकोन भिंतीत मिसळून दिसेनासा झाला. तिने कार्ड काढलं, पुन्हा लावलं, आणि मग तशीच फरशीवर आडवी पडली. हात खांद्यातून उचलवत नव्हता.

गुरुवारी वास्तू झाली. सव्वाशे म्हटले होते, एकशे साठ आले. भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, शेवेची भाजी. पंगती दोनपर्यंत उठत होत्या. जवळजवळ प्रत्येक माणूस हॉलमध्ये येऊन भिंतीसमोर थांबला. छान आहे, बरेच जण म्हणाले, आणि त्यातल्या बहुतेकांनी पुढे जोडलं की थोडा हलका असता तर अजून. आबा हात मागे बांधून भिंतीसमोर उभे राहिले.

"आमच्या पंपाच्या खोलीलेबी हाच दिला," ते म्हणाले. "चांगला दिसतो तिथी."

"इथे?"

"इथी घर हाये ना, सूनबाई."

मदनलालशेठ पत्नी सुगनबाईंना घेऊन आले होते. त्यांनी चष्मा पुसला, भिंतीच्या जवळ गेले, कडेने पाहिलं. "हा डबा आमचा नाही."

"नाही. धुळ्याचा."

शेठजींना लागलं, ते दिसत होतं. तीन पिढ्यांचं गिऱ्हाईक होतं. "धुळ्यावाल्याने दिला सत्तेचाळीस? काही विचारलं नाही त्याने?"

"विचारलं. मी म्हटलं लॅबसाठी आहे."

मदनलालशेठनी यावर नीट विचार केला. "मग वहिनी, मला तसं सांगायचं होतं," ते म्हणाले. "लॅबसाठी म्हटलं असतं तर मी पण पहिल्या दिवशीच दिला असता."

ज्योत्स्नाने त्यांना जेवायला बसायला सांगितलं.

आरतीच्या वेळी सगळे त्या भिंतीकडे तोंड करून उभे होते. झरोक्यातून ऊन आत आलं आणि भिंतीच्या वरच्या कोपऱ्यात, तुळईला लागून, तळहाताएवढा पांढरा तुकडा स्पष्ट दिसला. स्टुलावरून तिचा हात तिथवर पोचला नव्हता. ज्योत्स्नाने तो पाहिला आणि तिचं आरतीतलं लक्ष उडालं. रात्रीपर्यंत तिला सात जणांनी तो कोपरा दाखवला आणि सातही जणांनी सांगितलं की राहू दे, थोडंसंच तर आहे. हितेंद्र म्हणाला, "कोणाला दिसतंय? मला तर तू सांगेपर्यंत दिसला नव्हता."

शुक्रवारी सकाळी साडेसहाला, लॅबला निघण्याआधी, ती स्टूल घेऊन हॉलमध्ये आली. स्टुलावर तिने जाड पाट ठेवला. डब्याच्या तळाशी उरलेला रंग ब्रशने ढवळत असताना मागे धुरपदाबाई येऊन उभ्या राहिल्या. आंघोळ होऊन, हातात फुलांची परडी.

"वर्षभर भिंतीले हात लावायचा नही, सांगितलं व्हतं ना मी?"

"हो."

"कालच वास्तू झाली."

"हो."

"मंग?"

"थोडंसंच आहे," ज्योत्स्ना म्हणाली.

ज्योत्स्ना पाटावर चढली. स्टूल डगमगलं आणि मग एकदम स्थिर झालं. खाली पाहिलं तर परडी फरशीवर होती आणि दोन्ही हातांनी त्यांनी स्टूल धरलं होतं.

"लवकर कर," त्या खालून म्हणाल्या. "पडली तर आबा म्हन्तील, शनीने पाडली."